खेळाची नवी आवृत्ती : किती बदलावे?



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की उन्हाळ्याची सुटी लागली म्हणून चालकांनी एक दिवस मुलांसाठी राखून ठेवला. तसे नाही. विषय खेळाचा आहे खरा. पण त्यात जो प्रश्न दडलेला आहे तो मोठ्यांचा आहे. चार माणसांनी मिळून वर्षानुवर्षे जोपासलेली एखादी गोष्ट सुधारायची झाली, तर ती कोणी सुधारावी, आणि सुधारताना कोठे थांबावे, असा तो प्रश्न आहे.

‘आवृत्ती’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. एखाद्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली आणि लेखकाने तिच्यात दोन प्रकरणे बदलली, तरी ज्याच्या कपाटात पहिली आवृत्ती आहे त्याचे काही बिघडत नाही. तो आपली जुनी प्रत काढतो, खुर्ची ओढतो आणि वाचीत बसतो. वाचन ही एकट्याची गोष्ट आहे. खेळाचे तसे नाही. खेळाला दुसरा माणूस लागतो, आणि त्या दुसऱ्या माणसाला तेच नियम मान्य असावे लागतात. म्हणून खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती निघाली, की ती जुन्या प्रतीच्या मालकालाही गाठतेच. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यात तर ती गोष्ट फारच तीव्रतेने जाणवते.

हा खेळ अमेरिकेतला. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो : “तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आतून धूर येतो आहे.” बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक पात्र घेतलेले असते. कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र आता काय करील ते ज्याचे त्याने सांगायचे. जेथे यशापयशाची शंका असेल तेथे फासा टाकायचा. पात्राचे गुण, त्याची शस्त्रे, त्याच्या जखमा हे सारे एका कागदावर टिपून ठेवलेले असते. हरणे-जिंकणे असे शेवटी काही नसते. एका बैठकीत संपले नाही, तर पुढच्या शनिवारी तेथूनच पुढे. असे खेळ पाच-पाच, दहा-दहा वर्षे चालतात.

या खेळाचे मूळ शोधीत मागे गेले, की आपण आपल्याच घरी येऊन पोहोचतो. भारतातले चतुरंग इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेले आणि त्याचे आजचे बुद्धिबळ झाले. सन १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविकचे योहान हेल्विग यांनी बुद्धिबळाचाच पट वाढवून त्यावर पायदळ, घोडदळ आणि तोफा मांडल्या आणि लढाईचा खेळ बनविला. पुढे १८२४ मध्ये प्रशियातल्या राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने घरांचा पट काढून टाकून नकाशा घेतला, फासे घेतले, आणि निर्णय देण्यासाठी एक पंच नेमला. हा पंच म्हणजे आपल्या सूत्रधाराचा आजोबा. विसाव्या शतकात हे युद्धखेळ छंद म्हणून घरोघर खेळले जाऊ लागले. १९७१ च्या सुमारास मिनेसोटातले डेव्ह आर्नसन यांनी आपल्या मित्रांना एकेक पलटण देण्याऐवजी एकेक माणूस दिला. आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावचे गॅरी गायगॅक्स यांनी त्यांच्याबरोबर नियम लिहून काढले. १९७४ च्या आरंभी तीन चिमुकल्या पुस्तिकांची एक पेटी बाजारात आली. प्रती काढल्या होत्या एक हजार.

आता या पेटीचे वैशिष्ट्य पाहा. बुद्धिबळाचा पट विकत घेतला, की खेळ संपूर्ण आपल्या हाती येतो. ही पेटी विकत घेतली, तर हाती येतो अर्धा खेळ. किल्ले कोठे आहेत, राजा कोण, गावात भांडण कशाचे, हे सारे सूत्रधाराने रचायचे आणि खेळणाऱ्यांनी त्यात भर घालायची. छापणारा अर्धा खेळ देतो. उरलेला अर्धा खेळणारे आपल्या वेळाने, कल्पनेने आणि मैत्रीने पुरा करतात. गायकाला बंदिश मिळते, पण मैफल त्याची त्याला उभी करावी लागते, तसेच हे आहे. म्हणून नव्या आवृत्तीचा प्रश्न असा उभा राहतो : छापणारा आपला अर्धा भाग बदलतो, तेव्हा दुसऱ्यांनी घडविलेल्या अर्ध्या भागाचे काय होते?

बदल मुळीच करू नये, असे कोणी म्हणेल. ते म्हणणे टिकणारे नाही. पहिले नियम घाईने लिहिलेले होते. त्यांत अडचणी होत्या, संदिग्धता होती. दुसरे, नव्या माणसाला दार सोपे हवे. जो खेळ फक्त जुन्या खेळाडूंनाच समजतो, तो त्यांच्याबरोबर म्हातारा होतो. तिसरे कारण उघड बोलले जात नाही, पण ते बोलले पाहिजे : ज्याने एकदा पुस्तक घेतले त्याला तेच पुस्तक पुन्हा विकता येत नाही. छापखाना चालायचा तर नवे काही काढावे लागते. यात पाप काही नाही. मात्र पहिली दोन कारणे खेळाच्या गरजेची आहेत आणि तिसरे दुकानाच्या गरजेचे आहे, एवढे भान ठेवावे.

आता उदाहरणे घेऊ. १९८९ मध्ये या खेळाची दुसरी मोठी आवृत्ती निघाली. तिच्यात तलवारीचा घाव लागला की नाही हे ठरविण्याचा एक हिशेब होता. चिलखत जितके चांगले तितका त्याचा आकडा लहान. उघड्या अंगाचा आकडा दहा, उत्तम चिलखताचा शून्याच्याही खाली. हल्ला करणाऱ्याचा स्वतःचा एक आकडा असे, त्याला खेळाडू ‘थॅको’ म्हणत. थॅकोमधून चिलखताचा आकडा वजा करायचा; जे उरेल तितके किंवा त्याहून अधिक वीस बाजूंच्या फाशावर पडले पाहिजे. समजा, थॅको १७ आणि चिलखत ३. बाकी १४. म्हणजे १४ किंवा अधिक पडले तर घाव बसला. चिलखत उणे २ असेल तर? वजातून वजा, उत्तर १९. नवीन मुलगा येथे हमखास अडखळे.

१९९७ मध्ये मूळ कंपनी ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिने हा हिशेब उलटा केला. चिलखत चांगले तितका आकडा मोठा. आपले जुने ३ चे चिलखत आता १७ झाले, आणि जुन्या १७ थॅकोच्या जागी फाशात ३ मिळवायचे एवढेच सांगितले. फासा आणि ३ मिळून १७ व्हायला हवेत, म्हणजे फाशावर १४ हवेत. श्रोतेहो, जुन्या हिशेबानेही १४ च होते! विसातल्या सात वेळा घाव बसणार, तेव्हाही आणि आताही. संभाव्यता तीच राहिली. फक्त वजाबाकी जाऊन बेरीज आली. खेळणाऱ्याच्या पात्राला ओरखडासुद्धा गेला नाही आणि नव्या माणसासाठी उंबरा उतरला. सुधारणा अशी असावी.

तिसऱ्या आवृत्तीने एवढेच केले असे नव्हे. पूर्वी ठेंगू जातीच्या पात्राला मांत्रिक होता येत नसे. ते बंधन तिने काढले. निरनिराळ्या पेशांना वर चढण्यासाठी वेगवेगळे तक्ते होते. तिने एकच तक्ता केला. बदल पुष्कळ होते. पण बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप हे १९७४ पासूनचे सहा गुण तसेच राहिले. लढवय्या लढवय्यासारखा आणि मांत्रिक मांत्रिकासारखा राहिला. आणि मुख्य म्हणजे जुने पात्र नव्या नियमांत कसे आणावे हे सांगणारी एक पुस्तिका कंपनीने फुकट दिली. त्या पुस्तिकेचे मोल मी फार मानतो. “तुम्ही जे कमावले ते बरोबर घेऊन या,” असे ती सांगत होती.

मग तीनच वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच आवृत्तीची दुरुस्त आवृत्ती निघाली. बदल बारीकसारीक होते. पण ते सबंध पुस्तकभर पसरलेले होते. तेव्हा तीनही मूळ पुस्तके पुन्हा विकत घेण्यावाचून सोय नाही, असे अनेकांना झाले. यावरून एक गोष्ट दिसते. बदल लहान असला म्हणजे तो निरुपद्रवी असतो असे नाही. जो बदल गरज वाटावी इतका मोठा नाही आणि दुर्लक्ष करावे इतका लहानही नाही, तो खेळाडूच्या खिशाला चाट देतो आणि बदल्यात फारसे काही देत नाही.

आता २००८ कडे येऊ. त्या वर्षी चौथी आवृत्ती आली. ती आळसाने लिहिलेली नव्हती, हे मी आधीच सांगतो. तिच्या कर्त्यांनी खऱ्या दुखण्यावर बोट ठेवले होते. जुन्या खेळात मांत्रिक सकाळी मंत्र पाठ करी आणि एकदा उच्चारला की तो विसरे. ही कल्पना जॅक व्हान्स या कथाकाराकडून आलेली. वरच्या पायऱ्यांवर हा मांत्रिक फार प्रबळ होई आणि लढवय्याला दर खेपेला तलवार फिरवण्यापलीकडे काम उरत नसे. चौथ्या आवृत्तीने सर्वांना एका मापाने विद्या वाटून दिल्या : काही केव्हाही वापराव्यात, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. लढवय्यालाही तशाच, मांत्रिकालाही तशाच. तराजू समतोल झाला. सूत्रधाराची तयारीही सोपी झाली. पुष्कळांना ती आवृत्ती मनापासून आवडली आणि आजही तिचे चाहते आहेत.

पण जुन्या खेळाडूंना वाटले, की आपल्या मांत्रिकाचे मांत्रिकपण गेले. दहा वर्षे खेळविलेले पात्र नव्या नियमांत आणायचे म्हणजे ते जवळजवळ नव्याने घडवावे लागे. बेरीज-वजाबाकीने ते काम होण्यासारखे नव्हते. त्यातच कंपनीने आपल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या सर्वांत लोकप्रिय कल्पित देशाचा इतिहास एका झटक्यात सुमारे शंभर वर्षांनी पुढे ढकलला आणि मध्ये एक महाउत्पात घातला. ज्या सूत्रधाराने त्या देशातले एखादे गाव, तेथला खानावळवाला, त्याची मुलगी, तिचे लग्न असे सारे उभे केले होते, त्याच्या दृष्टीने पुढच्या पुस्तकांतून ती सगळी माणसे एका रात्रीत मृत झाली. नियम बदलले तर माणूस नवा नियम शिकतो. येथे त्याच्या आठवणींनाच पुढे जागा उरली नाही.

पुढे जे घडले ते मोठे बोधप्रद आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी, २००० मध्ये, कंपनीने एक खुला परवाना दिला होता : आमच्या मूळ नियमांवर कोणीही आपली पुस्तके छापावीत. त्या परवान्याच्या आधारे ‘पायझो’ नावाच्या एका लहान प्रकाशनसंस्थेने जुनेच नियम थोडे घासूनपुसून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ या नावाने काढले. ज्यांना जुन्या वाटेने जायचे होते ते तिकडे गेले. आणि काही काळ तर अमेरिकेतल्या दुकानांच्या विक्रीत हे नवे नाव मूळ खेळाच्याही पुढे दिसू लागले. मूळ कंपनीच्या स्पर्धेला तिचीच मागची आवृत्ती उभी राहिली होती. त्याहून मागच्या, सत्तरीतल्या नियमांचे भक्तही होतेच. त्यांनी त्याच परवान्याखाली २००६ पासून जुने नियम नव्याने लिहून काढायला आरंभ केला होता.

येथे कोणी विचारील, “अहो, एवढी तक्रार कशाला? जुनी पुस्तके कोणी जप्त केली होती काय?” नव्हती. पण दुकानात गेलेल्या नव्या मुलाला नवेच पुस्तक मिळते. टेबलावरचा एक मित्र परगावी गेला, एकाचे लग्न झाले, की त्यांच्या जागी येणारा माणूस नवे नियम घेऊन येतो. जुना खेळ कोणी मारीत नाही. तो माणसांअभावी सुकतो. शिवाय चौघांतले दोघे नव्याकडे गेले आणि दोघे जुन्यावर राहिले, तर तुटते ते टेबल; आणि टेबल म्हणजे मैत्री. नव्या आवृत्तीत पणाला लागते ती ही गोष्ट.

तुलनेसाठी दुसरा एक खेळ घेऊ. ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा भयकथांचा खेळ सँडी पीटरसन यांनी १९८१ मध्ये रचला. त्याच्या पहिल्या सहा आवृत्त्यांत गाभा फारसा हलला नाही. २०१४ च्या सातव्या आवृत्तीत मात्र पात्राचे गुण शेकड्यात मांडले. जुन्या कागदावर बळ १३ असेल तर त्याला पाचाने गुणा, ६५ झाले. एवढे केले, की १९८१ साली छापलेली साहसकथा आज संध्याकाळी खेळता येते. आजोबांच्या कपाटातले पुस्तक नातवाच्या उपयोगी पडते. ही काही थोडी गोष्ट नव्हे.

मूळ खेळाच्या चालकांनीही २००८ वरून धडा घेतला असे दिसते. पुढची, म्हणजे पाचवी आवृत्ती काढण्याआधी २०१२ मध्ये त्यांनी नियमांचे कच्चे खर्डे लोकांपुढे ठेवले. लाखाहून अधिक खेळाडूंनी ते खेळून पाहिले आणि मते कळविली. २०१४ मध्ये आवृत्ती निघाली. तिच्यात पेशांचा वेगळेपणा परत आला, हिशेब हलका झाला, आणि तिने आणलेले नवे लोक इतके होते, की खेळाचे दुसरे आयुष्यच सुरू झाले. २०२४ मध्ये तिची सुधारलेली पुस्तके आली. पात्राच्या कुळासाठी इंग्रजीत ‘रेस’ म्हणजे वंश हा शब्द पूर्वीपासून होता. तो जाऊन ‘स्पीशीज’, म्हणजे जीवजात, हा शब्द आला. काहींनी त्यावर नाके मुरडली. पण शब्द बदलल्याने कोणाचे पात्र टेबलावरून उठवावे लागत नाही. आणि ज्याला जुना शब्द बोचत होता, त्याला आत येणे सोपे होते. असा बदल करावा. याच वेळी, २०१४ च्या साहसकथा नव्या नियमांनी खेळता येतील, असेही कंपनीने सांगितले. ही दिशा योग्य आहे.

कोणी बुद्धिबळाचा दाखला देऊन मला अडवील. जुन्या खेळात वजीर तिरका एकच घर चाले आणि आजचा उंट दोन घरे उडी मारी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात हे दोघे पटभर धावू लागले. एवढी उलथापालथ होऊनही खेळ मेला नाही. उलट जगभर पसरला. खरे आहे. पण तो बदल कोणा कंपनीने ठरावीक तारखेला लादला नव्हता. तो टेबलावरून टेबलावर गेला, ज्याला रुचला त्याने घेतला. आपल्याकडे देशी पद्धत त्यानंतरही शतकानुशतके चालत राहिली : प्यादे पहिल्या चालीला एकच घर जाई, आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. आणि त्याच देशी पद्धतीत वाढलेला पंजाबचा सुलतान खान १९२९ मध्ये विलायतेस गेला व त्याच वर्षी ब्रिटनचे अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये ते त्याने पुन्हा मिळविले. नियम वेगळे, तरी त्याची कमाई त्याच्याबरोबर पटावर उतरली. चौसष्ट घरे तीच होती आणि राजाला मात द्यायची हे ध्येय तेच होते. बदल कितीही मोठा असो, खेळाडूची कमाई पलीकडच्या तीरावर पोहोचली पाहिजे, हेच त्यातून निघते.

म्हणून किती बदलावे याचे उत्तर पानांच्या संख्येत किंवा शेकड्यांत देता येणार नाही. मी एकच कसोटी सुचवितो. मागच्या शनिवारी अर्धवट राहिलेला खेळ नवे पुस्तक घेऊन येत्या शनिवारी पुढे चालू करता येतो काय? एखाद्या तासाच्या आकडेमोडीने तो चालू होत असेल, तर हिशेब उलटा करा, तक्ते जाळा, शब्द बदला, हरकत नाही. पण त्यासाठी पात्र पुरावे लागत असेल, गाव बुडवावे लागत असेल, तर तो नवा खेळ आहे. नवा खेळ काढणे हा गुन्हा नव्हे. त्याला प्रामाणिकपणे नवे नाव द्यावे, आणि जुन्याचे दार उघडे ठेवावे.

ते दार उघडे ठेवण्याची गरज केवढी आहे, हे जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा दिसले. २००० चा तो खुला परवाना मागे घेऊन त्या जागी कडक अटींचा नवा आणावा, असा कंपनीचा बेत बाहेर फुटला. खेळाडूंत आणि लहान प्रकाशकांत एवढा क्षोभ झाला, की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या परत न घेता येणाऱ्या परवान्याखाली सर्वांसाठी मोकळा केला. फासे आणि चिलखते यांच्यासाठी एवढी माणसे भांडली नाहीत. आपण रचलेल्या अर्ध्या खेळाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असू नये, यासाठी ती भांडली.

श्रोतेहो, सुधारणा करणाराला जुन्याचा कंटाळा आलेला असतो, आणि जुने जपणाराला नव्याची भीती वाटत असते. दोघांचेही थोडे थोडे खरे असते. पण त्या दोघांमध्ये एक तिसरा असतो : जो काही बोलत नाही, फक्त दर शनिवारी वेळेवर येतो, आपला मळका कागद उलगडतो आणि विचारतो, “गेल्या वेळी आपण कोठे थांबलो होतो?” नवी आवृत्ती काढणाराने पुस्तक छापायला देण्यापूर्वी या माणसाला उत्तर देता येते की नाही, तेवढे पाहावे.